प्रत्येकाची सुनेत्राताई

तस्लीम मुजावर मिठाचे आभार मानायला आली, तेव्हा सुनेत्रा मगदूम चिरलेला भोपळा पाण्यात भिजत घालत होती. सोमवारची दुपार. मिरजेत भर दुपारी सहसा कुणी कुणाचं दार वाजवत नाही, पण तस्लीमचं येणं घरच्यासारखं होतं. तिचे वडील मुजावर गुरुजी आणि सुनेत्राचा नवरा भरतेश हे दोघं डायलिसिसच्या वॉर्डात दोन वर्षं शेजारशेजारच्या खाटांवर झोपलेले. आठवड्यातून तीनदा रक्त यंत्रातून फिरवून आणायचं, आणि तेवढा वेळ छताकडे बघत एकमेकांशी गप्पा मारायच्या. त्यातून दोन घरं जोडली गेली होती.

तस्लीम म्हणाली, अब्बा आता जेवणाला नावं ठेवत नाहीत. आमटी पुन्हा मागून घेतात. पूर्वी ताटावरून उठून जायचे, बिनमिठाचं घशाखाली उतरत नाही म्हणायचे.

"तुम्ही ते मीठ सांगितलंत काकी, म्हणून."

"कुठलं मीठ गं?"

"तुमच्याच ब्लॉगवरचं की. सुहृद."

सुनेत्राचा हात पाण्यातच राहिला. सुहृद मीठ तिला ठाऊक होतं. दुकानात निळ्या पाकिटात मिळायचं. ज्यांना रक्तदाब आहे त्यांच्यासाठी सोडियम कमी केलेलं. पण कमी केलेल्या सोडियमच्या जागी दुसरं काहीतरी घालावं लागतं, नाहीतर खारट चव येणार कुठून? त्या जागी पोटॅशियम घालतात. धडधाकट माणसाला त्याचं काही नाही. जास्तीचं पोटॅशियम मूत्रपिंडं लघवीतून बाहेर टाकतात. ज्याची मूत्रपिंडंच संपली आहेत त्याच्या अंगात मात्र ते साठत जातं, स्नायू ढिले पाडतं, आणि एक दिवस हृदय चालता चालता थांबतं. म्हणून तर ही बाई भोपळा बारीक चिरून पाण्यात घालत होती. भाजीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं, ते पाणी ओतून द्यायचं, मग भाजी शिजवायची. बारा वर्षांपूर्वी भरतेशची मूत्रपिंडं अधू झाल्याचं कळलं तेव्हा 'मोजकं पाणी' नावाचा ब्लॉग तिनं सुरू केला तो हेच सांगण्यासाठी.

"गुरुजी कसे आहेत आत्ता?" तिनं विचारलं.

बरे आहेत, तस्लीम म्हणाली, जरा गळून गेलेत एवढंच. सकाळी पायऱ्या चढताना पाय उचलेनात. ओठांना मुंग्या येतात म्हणत होते. उद्या डायलिसिस झालं की वाटेल बरं.

गुरुजींचे वार मंगळवार, गुरुवार, शनिवार. म्हणजे शनिवारपासून अंगात जे साठलं ते अजून तिथंच होतं. सुनेत्रानं हात तसेच साडीला पुसले आणि म्हणाली, "रिक्षा बोलव. त्यांना चालवत आणू नका, उचलून आणा. मी दवाखान्यात फोन करते."

तस्लीमचा चेहरा उतरला. पण तिनं का म्हणून विचारलं नाही, हे बरं झालं. सांगत बसायला वेळ नव्हता.

*

गुरुजींना आत घेतलं, छातीला तारा लावल्या, आणि कागदावरची रेघ बघून डॉक्टरीणबाई धावतच परत आल्या. इंजेक्शन, मग थेट यंत्र. दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर तस्लीम आणि सुनेत्रा.

"तुझा फोन बघू," सुनेत्रा म्हणाली.

तस्लीमच्या फोनवर 'मोजकं पाणी' उघडलं. वर सुनेत्राचा फोटो. खाली दुधीच्या आमटीची पाककृती, जी सुनेत्रानं स्वतः लिहिली होती. पण मध्येच असं होतं: *तस्लीम, अब्बांच्या जिभेचेही थोडे लाड करायला हवेत गं. गुरुजी माणूस, आयुष्यभर दुसऱ्याच्या पोरांना शिकवलं, आता म्हातारपणी आळणी जेवण? आमच्या घरी मी सुहृद वापरते. सोडियम निम्मं. तू पण आणून बघ.*

हे तिनं लिहिलं नव्हतं. पण लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं. तो 'गं' तिचा होता. 'लाड' हा शब्द तर तिच्या तोंडात दिवसातून चारदा यायचा.

आता हे कसं झालं ते सांगायलाच हवं, आणि त्यात सुनेत्राची बाजूही ऐकायला हवी. ब्लॉग चालवणं फुकट होत नाही. पहिली पाच-सहा वर्षं तिनं एकही जाहिरात घेतली नाही. वाचकांचा विश्वास विकायचा नाही म्हणायची. मग भरतेशची नोकरी गेली आणि तिनं पानाच्या कडेला चौकटी भाड्यानं दिल्या. काय काय येत होतं तिथं! मुतखड्याचा काढा, केसांचं तेल, पुण्याबाहेरचे फ्लॅट. ती लाजायची आणि वाचकांना सांगायची, त्या चौकटींकडे बघू नका हो, मी पण बघत नाही. वाचकही आज्ञाधारक, बघायचे नाहीत. मग पैसे कुठून येणार? त्या उत्पन्नात महिन्याचं दूधही सुटत नव्हतं. पण एक होतं, जाहिरात कुठली आणि सुनेत्रा कुठली हे लहान पोरालाही कळत होतं.

गेल्या वर्षी 'स्वजन' नावाची कंपनी आली. त्यांचं म्हणणं असं की चौकटीतली जाहिरात मेली. माणूस ओळखीच्याचं ऐकतो. त्यांच्या यंत्रानं सुनेत्राचं बारा वर्षांचं लिखाण वाचलं, तिच्या आवाजाचे नमुने घेतले. त्यानंतर ब्लॉगचं पान एकच असं उरलं नाही. वाचकानं ते उघडलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत यंत्र त्याच्यासाठी वेगळं पान लिहायचं. मजकूर सुनेत्राचा, भाषा सुनेत्राची, पण वाचकाचं नाव, त्याच्या घरातलं माणूस, त्याची चिंता हे सगळं त्यात मिसळलेलं. आणि तेवढ्याच वेळात त्या वाचकाच्या पानात शिरण्यासाठी जाहिरातदारांचा लिलाव व्हायचा. जो जिंकला त्याचा माल सुनेत्राच्या तोंडून निघायचा. ज्याला वाचता येत नाही त्याला तेच पान सुनेत्राच्या आवाजात ऐकूही यायचं, आणि त्याच्याशी उलट बोलताही यायचं. सुनेत्रा स्वतः ब्लॉग उघडायची तेव्हा मात्र तिला तिचा मूळ मजकूर दिसायचा, स्वच्छ, एकही जाहिरात नसलेला. ती लेखिका होती ना, तिला कशाला जाहिरात दाखवायची?

तिनं विचारलं होतं, कुठल्या वस्तू? आरोग्याला पूरक, कंपनीचा माणूस म्हणाला होता. 'कमी मीठ' असं शोधणाऱ्याला कमी सोडियमचं मीठ दाखवणं यंत्राला पूरकच वाटलं असणार. यंत्र बिचारं शब्द जुळवत होतं.

आणि तिनं सही का केली? भरतेशच्या कमरेच्या पट्ट्यासाठी. बाजारात नवीनच आलेलं ते यंत्र, चपटं, कमरेला बांधायचं, रात्रंदिवस थोडं थोडं रक्त गाळत राहतं. खाटेवर पडायला नको, पाणी मोजून प्यायला नको. फक्त त्यातली गाळणी दर आठवड्याला बदलावी लागते, आणि त्या गाळण्यांचा खर्च कुठल्याही पेन्शनीत बसत नाही. स्वजनच्या पैशांतून तो परस्पर जात होता. पट्टा लागल्यावर महिन्याभरात भरतेश पुन्हा मैदानावर दिसायला लागला. शाळेतल्या मुलींच्या खो-खो संघाला त्यानं वीस वर्षं शिकवलं होतं. आजारपणात ते सुटलं तेव्हा हा माणूस घरात असूनही घरात नसल्यासारखा झाला होता. आता तो शिट्टी गळ्यात घालून संध्याकाळी बाहेर पडायचा आणि तिला वाटायचं, झालं ते बरंच झालं.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाचले. उद्यापर्यंत थांबला असतात तर सांगता आलं नसतं.

तस्लीम रडायला लागली. मग डोळे पुसून तिनं सुनेत्राकडे बघितलं, आणि त्या बघण्यात पहिल्यांदाच थोडं अंतर होतं.

"काकी, तुमच्यावर भरवसा म्हणून मी पाकिटावरचं वाचलंसुद्धा नाही," ती म्हणाली.

*

बाकावरूनच सुनेत्रानं ब्लॉगवर नवीन नोंद टाकली. तिला लांबड लावायची सवय, पण ही तीन ओळींची होती. सुहृद मीठ खाऊ नका. त्यात पोटॅशियम आहे. डायलिसिसवरच्या माणसाचा त्यानं जीव जाऊ शकतो.

"उघड," तिनं तस्लीमला सांगितलं.

तस्लीमनं उघडलं. तिच्या पानावर आलं होतं: *तस्लीम, आज जरा मिठाबद्दल बोलू या का? कुठलंही मीठ हातचं राखूनच घालायचं बरं. पोटॅशियमकडेही लक्ष असू दे. पण उगाच घाबरून जायचं नाही, घाबरलं की रक्तदाब वाढतो. मी सुहृद घालते तेही चिमटीनंच.*

सुनेत्रानं पुन्हा लिहिलं, आणखी कडक. पुन्हा तस्लीमच्या फोनवर ते मऊ होऊन उतरलं. तिसऱ्यांदा तिनं एकच वाक्य लिहिलं, हे मीठ विष आहे. त्याचं यंत्रानं एक लाघवी पत्र केलं, ज्यात विष हा शब्दच नव्हता. स्वतःच्या तोंडावर कुणीतरी मागून हात ठेवावा तसं तिला झालं.

तिनं स्वजनच्या अन्वयला फोन लावला. पुण्याचा मुलगा, सही घ्यायला मिरजेला आला तेव्हा तिच्या हातचं कटाचं सार दोनदा मागून प्यायलेला. तो शांतपणे ऐकत होता. मग त्यानं समजावून सांगितलं, आणि त्याचं सगळं समजावणं पटण्यासारखं होतं हाच त्रास. वाचक घाबरला की पान बंद करतो. पान बंद झालं की त्याला उपयोगी असलेलं बाकीचंही तो वाचत नाही. म्हणून यंत्र भीती कमी करतं. कुणी त्याला तसं सांगितलेलं नाही, यंत्र स्वतःच शिकलं आहे. सुहृदची तक्रार मी आत्ताच नोंदवतो मॅडम, आमची समिती बघेल, गुरुवारी बैठक असते.

"गुरुवारपर्यंत लोक जेवणारच नाहीत का?" सुनेत्रा म्हणाली.

किती जणांना हे मीठ सांगितलं गेलं, असं तिनं विचारलं. तो आकडा त्याला दिसत नव्हता, किंवा सांगता येत नव्हता. प्रत्येकाचं पान वेगळं, आणि वाचून झालं की पुसलं जाणारं. कुणाला काय सांगितलं याची नोंद कुठंच राहत नाही. वाचकाच्या खासगीपणासाठी, तो म्हणाला.

"मग मी काय करू शकते ते सांग."

एकच गोष्ट होती. करार मोडायचा. त्याचं बटण तिच्याच खात्यात होतं. ते दाबलं की यंत्र त्याच क्षणी थांबणार, पण पान कोरं होणार. जुना मजकूर कराराप्रमाणे वर्षभर कंपनीकडे कुलूपबंद. आणि पैसेही त्याच दिवशी थांबणार. सरांच्या गाळण्यांचा हप्ता तर आपल्याकडूनच जातो ना मॅडम, तो हळूच म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं.

*

घरी ती आली तेव्हा भरतेश मैदानावर जायच्या तयारीत होता. पायात बूट, सदऱ्याखाली पट्ट्याचा फुगवटा. रविवारी कोल्हापूरला सामने होते, त्याचंच डोक्यात. तिनं त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. गुरुजी, मीठ, यंत्र, अन्वय, बटण. सांगताना ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो चकित होईल, चिडेल, निदान गुरुजी कसे आहेत म्हणून उठेल, असं तिला वाटत होतं. गुरुजींचं त्यानं विचारलं. बाकी काहीच नाही. तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला.

"तुम्ही काही बोलत का नाही?"

"मला माहीत होतं," भरतेश म्हणाला.

तिला आधी वाटलं, गुरुजींचं कळलं होतं असं म्हणतोय.

"मिठाचं. माझ्या फोनवर दिवाळीतच आलं होतं. भरतेशसर, तुम्ही पण सुहृद घालून बघा, असं. तुझ्या भाषेत."

दिवाळी होऊन चार-पाच महिने झाले होते. सुनेत्रा पलंगाच्या कडेला टेकली. पट्टा रात्रंदिवस गाळत असल्यामुळे त्याला स्वतःला त्या मिठाचं भय नव्हतं; भाजी ती अजून भिजवायची ते जुन्या सवयीनं. पण वॉर्डात दोन वर्षं काढलेल्या माणसाला पोटॅशियम म्हणजे काय हे शिकवायला नको.

"मला वाटलं, तूच लिहिलंस," तो म्हणाला. "तुला माहीत आहे आणि तरी लिहिलंस. माझ्यासाठी."

"आणि तुम्ही मला विचारलं नाही?"

"विचारलं असतं तर तू बंद केलं असतंस की."

खोलीत पट्ट्याची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. सुनेत्राला संताप आला. ती म्हणाली, चोवीस वर्षांत तुम्ही मला एवढंच ओळखलंत? मी लोकांच्या पोटात विष घालीन, तुमची शिट्टी वाजावी म्हणून? गुरुजी तुमच्या शेजारी झोपत होते. त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्लीत तुम्ही.

भरतेशनं मान वर केली नाही. तो म्हणाला, सुरुवातीला झोप यायची नाही. रोज ठरवायचो, आज विचारू. मग संध्याकाळी पोरी पळताना बघायचो आणि म्हणायचो, उद्या विचारू. पाकिटावर लिहिलेलं असतं, डॉक्टर सांगतात, लोक वाचत असतील, असं मनाला समजावत होतो. तुझ्याबद्दल वाईट वाटत नव्हतं. उलट वाटायचं, बघ, माझ्यासाठी ही कुठवर गेली.

हे शेवटचं ऐकून तिचा राग कुठं ठेवावा हे तिला कळेना. नवऱ्याला आपण पापी वाटलो, आणि त्या पापासाठी त्यानं आपल्यावर जास्त प्रेम केलं. असलं प्रेम तिला नको होतं. पण तो समोर बसला होता, बूट घातलेला, आणि गेल्या वर्षी ह्याच पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा, हेही तिला आठवत होतं.

तिनं फोन काढला, खातं उघडलं, बटणापर्यंत आली. खाली विचारलं होतं: नक्की?

"सांगा," ती म्हणाली.

"मला सांगवणार नाही, सुनेत्रा," भरतेश म्हणाला. "'दाब' म्हणायला माझी जीभ उचलत नाही. नको म्हटलं तर उद्या गुरुजींना तोंड दाखवता येणार नाही. तू माझ्याकडे बघू नकोस. बघ तिकडे आणि काय करायचं ते कर."

ती खिडकीकडे वळली आणि तिनं बटण दाबलं. बारा वर्षांचं पान पांढरं झालं. पाठीमागे भरतेश उठला, दार उघडलं आणि मैदानाकडे निघून गेला. रविवारचे सामने तरी त्याला मिळणार होते, महिनाअखेरपर्यंतच्या गाळण्या घरात होत्या.

*

पान बंद झालं, पण लोकांच्या फडताळातली निळी पाकिटं तशीच होती. त्यांना कळवायचं कसं? वाचकांची नावं-पत्ते तिच्याकडे कधीच नव्हते. दुसऱ्या फोनवरून, दुसऱ्या नावानं लिहिलं तर कोण वाचणार? हा विचार करता करता तिच्या ध्यानात आलं की डायलिसिसचा माणूस कुठंही पळून जात नाही. दोन-तीन दिवसांत तो वॉर्डात येतोच, नाहीतर जगत नाही. आणि खाटेवर जाण्याआधी प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं करतात, किती पाणी साठलं ते बघायला. तिथं त्याच्याशी एक माणूस बोलतो. यंत्र नाही, माणूस.

तिनं वॉर्डाच्या लोंढे सिस्टरना गाठलं. सिस्टरनी ऐकलं आणि त्यांच्या ओळखीतल्या सिस्टरांना फोन लावायला सुरुवात केली. सांगलीला, जयसिंगपूरला, तासगावला, पार सोलापूरपर्यंत. काट्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, घरात मीठ कुठलं? त्या तिकडून पुढं फोन करत गेल्या. सुनेत्राला वाटलं, सुटले. तिला अजून अक्काताई शिनगारे भेटायच्या होत्या.

मंगळवारी सकाळी ती भरतेशबरोबर वॉर्डात गेली. भरतेश टेबलापाशी उभा राहून पुढच्या महिन्यापासूनच्या खाटेसाठी नाव लिहीत होता. रात्री दोघं फारसं बोलले नव्हते. कोपऱ्यातल्या खाटेवर गुरुजी डोळे मिटून पडले होते. सुनेत्रानं पायांना हात लावला तेव्हा त्यांनी तो हात नुसता थोपटला. लोंढे सिस्टर म्हणाल्या, बाकी सगळ्यांना पटलं, पण त्या बेडग गावच्या अक्काताई ऐकत नाहीत. तुम्हीच बोला.

अक्काताई साठीच्या, हडकुळ्या, हाताची शीर टरारून फुगलेली. वाचता येत नव्हतं. ब्लॉग कानानं ऐकायच्या. खिडकीकडे बघत पडल्या होत्या. सुनेत्रा त्यांच्यासमोर उभी राहिली आणि कालपासून डोक्यात घोळवलेलं सगळं एका दमात म्हणाली. मी सुनेत्रा मगदूम. 'मोजकं पाणी' माझंच. ते मीठ मी सांगितलेलं नाही, माझ्या नावानं यंत्रानं सांगितलं. ते आजच टाकून द्या. त्यानं माणूस मरतो.

अक्काताईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"आवाज सारखा काढलाय तुमी," त्या म्हणाल्या. "पर आमची ताई अशी अंगावर येत न्हाई."

लोंढे सिस्टर हसून म्हणाल्या, अहो याच त्या. फोटो बघा ना. अक्काताईंना फोटोचं कौतुक नव्हतं. फोटो काय, कुणाचाही करतात आजकाल. त्यांनी उशीखालून फोन काढला. कोरं पान दाखवलं.

"काल सांजपास्नं गप हाय ती. रोज बोलायची. अक्काताई, रातीला झोप लागली का, पाय वळतात का अजून, सुनंचा फोन आला का. पोटच्या पोरीनं कधी इचारलं न्हाई असलं." त्यांचा स्वर खाली आला. "तिला काय झालं असंल? आजारी तर न्हाई पडली?"

बारा वर्षांत तिनं भाज्या भिजवायला शिकवलं, आकडे दिले, तळमळीनं लिहिलं. पण कुणाला रात्री झोप लागली का असं तिनं एकदाही विचारलं नव्हतं. सवड कुठं होती? ते यंत्रानं विचारलं, मीठ खपवायला का होईना. आणि या बाईनं त्याच्यापाशी मन मोकळं केलं, सुनेच्या फोनची वाट बघत असल्याचंसुद्धा सांगितलं. ते मीठ आता अक्काताईंना मीठ राहिलंच नव्हतं, ताईनं दिलेली वस्तू झाली होती.

"अक्काताई, ते मीठ..." ती पुन्हा म्हणू लागली.

"ताईनं सांगितलं तर सोडीन. दुसऱ्या कुणाचं ऐकायची न्हाई."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. सिस्टरनी खांदे उडवले. पलीकडे भरतेश नाव लिहून झाल्यावर तिथंच उभा होता, बघत.

वाद घालायची सुनेत्राला खुमखुमी होती, आयुष्यभर होती. पाकीट दाखवावं, डॉक्टरीणबाईंना बोलवावं, गुरुजींच्या खाटेकडे बोट दाखवावं. उपयोग नव्हता. तिनं खाटेखालचं स्टूल ओढलं आणि बसली. अक्काताईंचा हात हातात घेण्याइतकी ओळख नव्हती, म्हणून तिनं नुसता चादरीच्या कडेवर हात ठेवला. आवाज खाली आणला. यंत्रानं जसा आणला असता तसा. तिला स्वतःचीच लाज वाटत होती, तरी तिनं आणला.

"अक्काताई, काल रात्री झोप लागली का?"

यंत्रातून रक्त फिरत होतं. मग भिंतीकडेच तोंड ठेवून अक्काताई म्हणाल्या, "न्हाई बाई. पाय लई वळत होतं."

"आणि सुनेचा फोन?"

"आला न्हाई."

सुनेत्रानं स्टूल आणखी जवळ घेतलं. मिठाचं नाव तिनं अजून काढलं नाही.